तुम्ही विचारलंत म्हणून: मी मुलांना वस्तीत का नेते

नाताळ जवळ आला की हा प्रश्न येतोच. लग्नात, पालकसभेत, आता तर व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा. "मिस, तुम्ही स्वतः वस्तीत वाढलात ना, मग शाळेतली पोरं घेऊन तिथे सेवा करायला कशाला जाता?" आणि दुसरे काही जण विचारतात, "सेवेच्या नावाखाली धर्मप्रसारच ना शेवटी?" दोन्हीचं उत्तर एकदाच लिहून टाकते.

धर्मप्रसाराचं आधी, कारण ते मला जास्त वेळा विचारलं जातं आणि उत्तर सोपं आहे. आमच्या नगरच्या शाळेत बरीच मुलं ख्रिस्ती नाहीत. राज्यघटनेचं कलम २८ आहे, पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि आम्ही बसवत नाही. वस्तीत जाताना बायबल नेत नाही, पत्रकं नेत नाही, प्रार्थना घेत नाही. यावरून आमच्या मंडळीतलेच, म्हणजे चर्चमधलेच, काही जण नाराज आहेत, म्हणतात मग ख्रिस्ती शाळा म्हणायचं कशाला. त्यांना मी मत्तयाचा सहावा अध्याय वाचायला सांगते, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं तिथे येशू स्वतः सांगतो. एवढं पाळलं तरी मला पुरे आहे.

आणि हो, "तुमचे लोक पोटासाठी बाटले" हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. अमेरिकन मराठी मिशन ही ख्रिस्ती मिशनऱ्यांची संस्था नगरला १८३१ मध्ये आली, पण आमच्यासारखी बरीच कुटुंबं मंडळीत आली ती १८७६ आणि १८९९ च्या दुष्काळांच्या आगेमागे. आमचे पणजोबा त्यातलेच. गावाच्या विहिरीवर ज्याला पाणी भरू देत नव्हते त्याला कोणी भाकरी दिली, शेजारी बसवलं, त्याच्या पोराला पाटी दिली, तर तो तिथेच राहिला. यात मी मान खाली घालावी असं काही मला दिसत नाही. भूक लागली होती हे खरंच आहे, फक्त भुकेपायी आले हे खरं नाही. असो, यावर मी तासभर बोलू शकते.

आता दुसरा प्रश्न. तो खरा दुखरा आहे.

आठवीत होते मी. फी माफ होती, ते वर्गात कोणाला माहीत नव्हतं. राहते कुठे असं कोणी विचारलं तर मी "मिशन कंपाउंडच्या मागे" सांगायचे, ते खोटं नव्हतं, पण कंपाउंडच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे आमची पत्र्याची घरं हे सांगायचे नाही. नाताळच्या आधी सूचना आली की प्रत्येकाने घरून पाव किलो तांदूळ आणायचे, गरिबांना वाटायचेत. आईने डब्यातून काढून दिले, एक अक्षर बोलली नाही. मग शनिवारी आम्हाला गणवेशात रांगेने नेलं आणि कंपाउंडचं मागचं फाटक आलं तेव्हा मला कळलं कुठे चाललोय. बाकांवर तांदळाच्या पिशव्या मांडल्या होत्या. मी पिशव्या पुढे सरकवायला उभी होते, माझी सगळ्यात जवळची मैत्रीण शेजारी वही घेऊन नावं लिहीत होती, कारण कोणी दोनदा घेऊ नये. आणि रांगेत आई होती.

आईने मला पाहिलं. पण ओळख दाखवली नाही. मी पण नाही दाखवली. माझ्यासाठीच तिने तसं केलं हे मला तेव्हाही कळत होतं, नंतर कळलं वगैरे काही नाही. मैत्रिणीने विचारलं, "पूर्ण नाव सांगा, घरात माणसं किती?" आईने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सांगितलं. हजेरीपटात माझ्या नावापुढे रोज तेच वडिलांचं नाव आणि तेच आडनाव वाचलं जायचं. मैत्रिणीचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, लिहिलं, आणि पुढच्या बाईंना नाव विचारलं. पिशवी मी सरकवली.

तिने कधीच कोणाला सांगितलं नाही. चांगली मुलगी होती, आजही आहे. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी जास्त चांगलं वागायला लागली. डब्यातलं आधी मला, वही विसरले तर स्वतःची, भांडण झालं की माघार तीच घेणार. आधी आम्ही कडाकडा भांडायचो. ते भांडण गेलं ते गेलंच, आणि मला तिचा सगळ्यात जास्त राग आला तो या चांगुलपणाचा.

म्हणून तुम्ही विचारता "मग का नेता", तेव्हा तो प्रश्न मला नवा नसतो. शिक्षिका झाले तेव्हा मीच मुख्याध्यापिकांना म्हणाले होते की हे बंद करा, मुलांना दयाळू व्हायला शिकवायचं तर वर्गातल्या वर्गात शिकवा. ती वीस-बावीस वर्षांची मी अजून माझ्याशी भांडते आणि कधी कधी जिंकते.

पण मग एका शिक्षक शिबिरात एका फादरनी पेद्रो आरुपेंचं सांगितलं. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे प्रमुख होते ते, १९७३ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला त्यांच्या शाळांमधल्या माजी विद्यार्थ्यांसमोर त्यांनी विचारलं, आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, आणि स्वतःच उत्तर दिलं की नाही. इतरांसाठी जगणारी माणसं घडवायची हे बोलणं तिथलंच. न्याय हा शब्द मला लागला. तांदूळ वाटण्यात तो नव्हता.

आता आम्ही काही वाटत नाही. नववीची मुलं वर्षभर एकाच वस्तीत जातात, दर वेळी नवीन ठिकाण नाही. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरायला मदत करतात, म्हाताऱ्या माणसांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो त्यासाठी बरोबर जातात, रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलेल्या आजीबरोबर पुन्हा जाऊन उभी राहतात. फोटो नाही. गुण नाहीत. रांगेत उभं राहून मुलं चिडतात, आणि ते चिडणं मला हवंय. सरकारी खिडकीसमोर दोन तास घालवलेला मुलगा घरी जाऊन "बिचारे" म्हणत नाही, "असं का" विचारतो. सगळे विचारत नाहीत हेही सांगते. काहींना फक्त शनिवार बुडाल्याचं दुःख असतं.

सक्ती का, हेही विचारता. ऐच्छिक ठेवलं तर आधीच कळवळा असलेली चार मुलं येतात, आणि ज्यांनी यायला हवं ती क्लासला जातात. येवढंच माझं उत्तर आहे, पटत नसेल तर नसू दे.

पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. वस्ती निवडायच्या आधी मी रजिस्टरमधले पत्ते बघते, आणि आमच्या शाळेतलं मूल जिथे राहतं ती वस्ती टाळते. माझ्यासारखं कोणाचं होऊ नये म्हणून. यंदा नववीतला एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी येऊन म्हणाला, "मिस, आमच्या गल्लीत का नाही येत आपण? माझ्या आजीचा दाखला अडकलाय." सगळ्या वर्गासमोर सांगायला तयार आहे तो. मी म्हटलं दिवाळीनंतर बघू. मी त्याला सांभाळतेय की लपवतेय, मला ठरवता येत नाही. आजीच्या दाखल्याला मी एकटी जाऊन येईन, ते काही अडणार नाही. वर्गाला नेऊ का नको, ते तुम्हीच सांगा, कारण प्रश्न विचारणारे तुम्ही आहात आणि माझ्याकडे याला उत्तर नाही.