देणं येर्नक्रोक, घेणं क्रॉसबी
1 जुलै 2025, मंगळवार. मिसिसागा.

कॅनडा डेची सुट्टी. एरवी अकराशिवाय न उठणारे आमचे चिरंजीव आज आठलाच टेबलावर हजर, कारण बारा वाजता आइस हॉकीच्या एनएचएल लीगमध्ये फ्री एजन्सी उघडणार, म्हणजे करार संपलेले खेळाडू हव्या त्या टीमकडे जायला मोकळे. माझ्या किराणाच्या वहीची मागची चार पानं त्याने रात्रीच आपल्या टोरांटोच्या टीमसाठी मनातल्या अदलाबदलींनी भरून टाकली होती. डावीकडे ‘देणं’, उजवीकडे ‘घेणं’. पहिलीच ओळ: देणं येर्नक्रोक आणि काम्फ, आपले दोन साधे खेळाडू, घेणं पिट्सबर्गचा मोठा तारा सिडनी क्रॉसबी.

म्हटलं, पिट्सबर्गवाले तुला आहेर करतायत का रे?

त्याची चिडचिड कळते मला. काल आमचा स्टार मिच मार्नर टीम सोडून गेला. टोरांटोनेच त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला, वर्षाला 12 मिलियन डॉलरचा, आणि लगेच त्याला वेगासला धाडलं. कारण आठ वर्षांचा करार फक्त खेळाडूच्या सध्याच्या टीमला करता येतो, बाहेरच्या टीमला सातच वर्षांचा. बदल्यात निकोला रॉय आला. हंगामात 102 पॉइंट (गोल आणि गोलला साहाय्य धरून) करणाऱ्याच्या बदल्यात एक धिप्पाड सेंटर, म्हणजे मधला आघाडीवीर. पण आज दुपारनंतर मार्नर फुकटच गेला असता, तेव्हा रॉय तरी पदरात पडला असं मी म्हणते. मार्चमध्ये कॅरोलायनाच्या रँटानेनशी अदलाबदल घाटत होती म्हणे, पण मार्नरच्या संमतीशिवाय त्याला हलवायचं नाही असं करारातच होतं, आणि त्याने नाही म्हटलं. चिरंजीवांची मार्नरची 16 नंबरची जर्सी सकाळपासून खुर्चीच्या पाठीवर पडून आहे. सहाचा कोपरा सुटलाय. मे महिन्यात फ्लोरिडाने घरच्या बर्फावर दोनदा 6-1 धुतलं, लोकांनी जर्स्या काढून बर्फावर फेकल्या, तेव्हाही याने ही जपली होती.

मी दिवसभर लोकांचे ताळेबंद तपासते, त्यामुळे हे पानही तपासलंच. यंदाची कॅप, म्हणजे टीमने पगारांवर खर्चायची कमाल रक्कम, 95.5 मिलियन. मॅथ्यूज 13.25, नायलँडर 11.5, नाइज 7.75, रायली 7.5. चार माणसांत चाळीस उडाले. टॅव्हारेसने मात्र मन मोठं केलं: 11 वर होता, साडेचारच्याही आत राहिला. मिसिसागात जन्मलेला मुलगा, घर सोडवेना त्याला. (टीमसाठी नव्हे, घरासाठी सूट दिली असणार. त्यालाच मी शहाणपण म्हणते.)

दुसऱ्या पानावर रायलीला पाच वेगवेगळ्या शहरांत पाठवलेलं. त्याचा करार 2030 पर्यंतचा, आणि मार्नरसारखंच कलम त्याच्याकडेही. त्याला विचारलंस का? चिरंजीव गप्प.

पण खरा वाद पुढे झाला. प्रत्येक मोठ्या नावाच्या बदल्यात त्याने ईस्टन कोवनला देऊन टाकलं होतं. कोवन! गेल्याच महिन्यात ऑन्टारियोच्या लंडन नाइट्सने ज्युनियर हॉकीचा मेमोरियल कप जिंकला, त्यात सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पोरगा. आणि आपल्याकडे 2025, 26, 27, तिन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक, म्हणजे नवे तरुण खेळाडू निवडायचे हक्क, आधीच देऊन झालेत. बियाण्याचं पोतं विकून पाहुण्यांना जेवू घालणं म्हणतात याला. 2006 मध्ये गोली, म्हणजे गोलरक्षक, रेक्रॉफ्टसाठी तुका रास्क बॉस्टनला दिला, पुढे तो तिथे लीगचा सर्वोत्तम गोली ठरला. 2009 मध्ये केसलसाठी जे पिक दिले, त्यातून बॉस्टनला सेगीन आणि हॅमिल्टन हे गुणी खेळाडू मिळाले. केसलने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकले, तेही पिट्सबर्गला गेल्यावर. आपला शेवटचा कप 1967 चा.

माझं म्हणणं साधं. येर्नक्रोक 2.1, काम्फ 2.4, जो कोणी उचलेल त्याला द्या, बदल्यात काही मागू नका. मोकळे झालेले साडेचार बाजूला ठेवा. काल मॅचेली आणला तसे सौदे करा, तिसऱ्या फेरीच्या अटीवरच्या पिकात. आणि मार्नरच्या जागी आणखी एक मार्नर शोधूच नका.

“म्हणजे उजव्या विंगवर कोण?”

पेन घेतलं आणि त्याच्या शेवटच्या ओळीखाली माझी लिहिली. देणं: काही नाही. घेणं: कोवन, पहिले दहा सामने.

“आई, तो आपलाच आहे. हा ट्रेडच नाहीये.”