आमची वाटचाल : महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांपासून रेझिनच्या शिपायापर्यंत

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावात वडिलांनी रंगकामाचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा कामाचे वेळापत्रक सणच ठरवीत असत. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल, त्यामागोमाग गणपती, महालक्ष्म्यांचे मुखवटे, नवरात्रात देवी आणि शारदेच्या मूर्ती, उरलेल्या महिन्यांत दुकानांच्या पाट्या व ट्रॉल्यांवरील नावे, असा तो क्रम होता. मी कामाला लागलो तोवर कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन आल्या होत्या व मंडळांच्या उंच मूर्ती हाच आमच्या उत्पन्नाचा मुख्य आधार झाला होता. 2020 मध्ये राज्य शासनाने सार्वजनिक मूर्तींची उंची 4 फुटांपर्यंत आणि घरगुती मूर्तींची 2 फुटांपर्यंत मर्यादित केली, त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींविरुद्ध सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि आमचे मोठे काम एकदम आटले. त्या मोकळ्या महिन्यांत पुण्याच्या एका संग्राहकाने आमच्या मुखवट्यांच्या डोळ्यांची छायाचित्रे पाहून, युरोपातील मध्ययुगीन शिपायाचा एक अर्धपुतळा रंगवून द्याल का, अशी विचारणा केली. आज आमचे निम्म्याहून अधिक उत्पन्न अशाच कामांतून येते.

हे अर्धपुतळे पॉलियुरेथेन रेझिनमध्ये, म्हणजे एका कडक प्लास्टिकमध्ये, सिलिकॉनच्या साच्यातून ओतलेले असतात. असे पुतळे रंगवण्या-जमवण्याच्या छंदातील नेहमीचे माप एकास दहा, म्हणजे डोके जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर; आमच्याकडे येणारे काम मात्र बहुधा एकास चार प्रमाणाचे असते आणि त्यात डोके साडेपाच ते सहा सेंटिमीटर भरते. मोठे म्हणजे सोपे, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. लहान पुतळ्यावर एक गडद रेघ ओढली की डोळ्याची पापणी झाली, बाकीचे पाहणाऱ्याची नजर भरून काढते. मोठ्या गालावर मात्र रंगाचा एकसारखा पट्टा राहिला तर तो गाल न वाटता रंगवलेली भिंत वाटते, त्यामुळे नखाएवढ्या जागेतही तीन-चार छटा एकमेकींत मुरवाव्या लागतात. मूर्तिकामात आम्ही चकाकीला मान देत आलो. येथे चकाकी हाच दोष ठरतो, कारण कातडी, कापड आणि लोखंड यांतील फरक मुळात त्यांच्या चकाकीतला फरक असतो आणि तो आम्हाला रंगानेच दाखवायचा असतो.

रंगाआधीच्या तयारीत कोणी घाई केलेली मला चालत नाही. साचा सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश यांनी पूर्ण काढावा लागतो, नाहीतर प्रायमर पापुद्र्यासारखा निघतो. साच्याच्या जोडाची शीर 400 आणि मग 800 नंबरच्या पॉलिश पेपरने, पाण्यातच घासतो, कारण रेझिनची कोरडी भुकटी फुप्फुसांना घातक असते. पाणी असले तरी मास्क असतोच. डोके, धड आणि हात जोडताना पितळी तारेच्या खुंट्या घालून अ‍ॅराल्डाइट लावतो आणि फटी एम-सीलने बुजवतो. त्यानंतर संपूर्ण पुतळ्यावर काळा प्रायमर आणि वरून, एकाच कोनातून, पांढरा फवारा मारला जातो. शिपायावर ऊन कोठून पडते आहे, हे त्या पांढऱ्या फवाऱ्याने ठरते आणि शेवटपर्यंत कोणाला ते बदलता येत नाही.

चेहऱ्याचे काम आमच्या काकू करतात. महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांची आखणी त्यांनी उभ्या आयुष्यात केली असल्याने डोळा सरळ बसवण्याची चिंता नव्हती. बदलावी लागली ती दृष्टी. मुखवट्याचा डोळा टपोरा, पांढराशुभ्र आणि भक्ताकडे पाहणारा असतो. शिपायाच्या डोळ्यातील पांढरे मात्र करडे-गुलाबी घ्यावे लागते, बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली दडवावा लागतो आणि पापणीची सावली डोळ्यावर पाडावी लागते, नाहीतर माणूस दचकल्यासारखा दिसतो. कातडीचा पाया अ‍ॅक्रिलिकचा आणि त्यावरचे सगळे काम तैलरंगाचे असते : टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, किंचित अ‍ॅलिझरिन आणि सावल्यांसाठी तपकिरी अंबर व निळा अल्ट्रामरीन. कपाळ पिवळसर, नाक, गाल आणि कान तांबूस, तर दाढीच्या खुंटांमुळे हनुवटी निळसर करडी, असे चेहऱ्याचे तीन पट्टे पाडून त्यांच्या सीमा कोरड्या ब्रशने पुसून टाकाव्या लागतात. पहिल्या कामात हनुवटीवर करडा रंग चढताच काकू म्हणाल्या, ''याचा चेहरा असा मुर्दाड काऊन दिसून राह्यला?'' त्यांचे म्हणणे त्या घटकेला बरोबरच होते. गालांवर तांबूस छटा आली तेव्हा तोच करडा रंग दाढी झाला. तैलरंगाची चकाकी कमी करण्यासाठी तो आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवतो, म्हणजे पुठ्ठा जवसाचे तेल शोषून घेतो आणि रंग वाळल्यावर निस्तेज दिसतो.

पोशाखासाठी मात्र आम्हाला अभ्यास करावा लागला आणि त्यात मला स्वतःला सर्वाधिक गोडी लागली. 1361 मध्ये, आज स्वीडनमध्ये असलेल्या गॉटलंड बेटावरील व्हिस्बी येथे डेन्मार्कच्या राजाच्या सैन्याने तेथील शेतकऱ्यांचा पराभव केला. विसाव्या शतकात तेथील सामूहिक कबरी उघडल्या तेव्हा काही कवट्यांवर लोखंडी कड्यांच्या टोप्या तशाच सापडल्या. साध्या शिपायाच्या अंगावर काय असे, याचा इतका थेट पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो. इंग्लंडमधील कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये ब्लॅक प्रिन्स या इंग्रज राजपुत्राच्या (मृत्यू 1376) कबरीवरील धातूच्या प्रतिमेत शिरस्त्राणाच्या कडेला गळ्यापर्यंत लोंबणारी कड्यांची जाळी कशी जोडलेली असे, ते स्पष्ट दिसते. लोखंड जुने कसे होते, हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी मात्र आम्ही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील, म्हणजे आपल्या अजब बंगल्यातील, शस्त्रांचे दालन गाठले. गंज सगळीकडे सारखा चढत नाही. जेथे हात आणि कापड सतत घासते तेथे धातू उजळतो, आणि खाचेत मात्र तपकिरी राहतो. म्हणून कड्यांच्या जाळीला आधी निस्तेज काळा रंग, त्यावर जवळपास कोरड्या ब्रशने पोलादी रंग, खाचांत पातळ अंबर आणि शेवटी केवळ उंचवट्यांवर बोटाने शिसपेन्सिलीची भुकटी घासतो. या भुकटीइतकी खरी लोखंडी झाक बाटलीतल्या कोणत्याही चंदेरी रंगाने येत नाही, असे माझे ठाम मत आहे. चिलखताखालचा जाड, टाचे घातलेला अंगरखा लिननच्या कापडाचा असे आणि त्यात लोकर, चिंध्या किंवा कापूस भरलेला असे. तो रंगवताना कापसाच्या मुलखातील माणसाला शिवणीपाशी कापड कसे दबते, ते कोणी शिकवावे लागत नाही.

याच कापसाने कामात खोडाही घातला. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की तंतू हवेत तरंगतात आणि ओल्या तैलरंगावर बसलेला तंतू चिमट्याने काढला तरी चरा उमटतो, म्हणून त्या महिन्यांत पुतळे काचेच्या पेटीत वाळवतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा अ‍ॅक्रिलिक ब्रशवरच सुकते. त्यावर उपाय म्हणून स्टीलच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवतो. पत्र्याखाली राहिलेल्या तलवारीचे पाते उन्हाने वाकले तर गरम पाण्यात बुडवून सरळ करता येते. रेझिनचा हा गुण उपकारक आहे. पावसाळ्यातील दमट हवेत वॉर्निशवर पांढरी झाक येते आणि ती काळ्या जाळीवर लपत नाही.

धंद्याचे म्हणाल तर एक नियम आम्ही पहिल्यापासून पाळला आहे. मूळ शिल्पकाराच्या पुतळ्यावरून चोरून साचा काढलेल्या नकला आम्ही रंगवत नाही. अशी नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते, कड्या बोथट होतात आणि पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे दिसतात, त्यामुळे ती हातात घेताच ओळखू येते. स्वस्तात काम मिळते म्हणून अशा नकला आणणारे व्यापारी होते. त्यांना नकार दिल्याने एक हंगाम ओढाताणीचा गेला, पण ज्या शिल्पकारांचे मूळ काम आमच्याकडे येते, त्यांच्यापैकी काहींनी त्यानंतरच नवे पुतळे थेट आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली.

आता आम्ही घरचे आणि गावातील दोन मुली मिळून काम करतो; मुली तयारी, कापड आणि चामडे पाहतात, काकू चेहरा आणि मी धातू. मजुरीचा आकडा पुतळ्याच्या उंचीवर न ठरवता चेहऱ्यावर आणि उघड्या जाळीच्या क्षेत्रावर ठरवतो, कारण वेळ तेथेच जातो. निम्मी रक्कम आगाऊ घेतो, प्रायमरनंतर आणि चेहऱ्यानंतर ग्राहकाला छायाचित्रे पाठवतो आणि प्रकाशाचा कोन त्याला मान्य झाल्याशिवाय पुढे जात नाही. जून ते सप्टेंबर वॉर्निश मारत नाही, म्हणून त्या काळात ठरलेल्या कामाची पाठवणी ऑक्टोबरपासूनच होते, आणि त्यात पुतळा व लाकडी बैठक वेगवेगळ्या खोक्यांत, फोमच्या खाचा कापून बसवलेली असते.