त्रेसष्ट आणि छत्तीस

माझं आकड्यांचं वेड कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मग तुमचा लकी नंबर कोणता?’ मी आजवर ‘तसलं काही नाही हो’ म्हणून सुटका करून घेत आलो. कारण खोलात गेलं की लोक जन्मतारीख विचारतात, तिची बेरीज करतात आणि मी ‘पाच’ असल्याचं जाहीर करून पाचाची माणसं कशी चंचल असतात ते ऐकवतात. त्या बिचाऱ्या पाचाचा यात काय दोष!

माझं वेड निराळं. पुढच्या गाडीची नंबरप्लेट दिसली की मी तिचे अवयव पाडायला घेतो. ९१ मूळ संख्या असल्याचा आव आणून बसलेला असतो, पण तेरा साती एक्याण्णव, की उघडा पडला. रांगेत ताटकळावं लागलं तर हातात कापरेकरांचा खेळ असतो. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ काढा, पुन्हा ६१७४च. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचता. हे मला पाठ आहे, तरी दर वेळी शेवटची वजाबाकी करताना जरा धाकधूक होते.

पण तुम्ही विचारता ते हे नव्हे, ते मला कळतं. तुम्हाला विचारायचं असतं की एखादा आकडा माझा आहे का. आहे. एक नाही, जोडी आहे.

लहानपणी मी आकडे उलटे लिहायचो. ‘सत्तेचाळीस’ ऐकलं की आधी सात, मग चार. आपल्या भाषेत एकक आधी बोलतात आणि दशक मागून येतं, त्यामुळे कानाचं ऐकलं की वहीत ७४ उमटायचे आणि वर लाल फुली. बाबा त्यावर रागावले नाहीत. त्यांनी ७४ मधून ४७ वजा करायला लावले. २७. मग ५२ मधून २५. पुन्हा २७. ‘उलटापालट केलीस की फरक नेहमी नवाच्या पाढ्यात पडतो,’ ते म्हणाले, ‘आणि तुझ्या-माझ्या वयातला फरकही सत्तावीसच आहे.’

मी चौदा वर्षांचा झालो त्या दिवशी त्यांनी मला ते दाखवलं : ते ४१, मी १४. दर अकरा वर्षांनी ही जोडी जमायची. माझ्या वाढदिवसाला जमायची आणि त्यांच्या वाढदिवसाला मोडायची, मध्ये आठेक महिने. ५२ आणि २५ला आम्ही दोघं अगदी खुशीत होतो.

पुढची जोडी आली तेव्हा आम्ही बोलत नव्हतो. कारण सांगण्यासारखं नाही. दोघांनाही आपण बरोबर वाटत होतो एवढंच. माझ्या वाढदिवसाला त्यांचं पाकीट आलं. आत वहीचा फाडलेला कागद, त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात ६३ आणि शेजारी ३६. छत्तीसचा आकडा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको : तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे. त्रेसष्टात तेच दोघे समोरासमोर येतात. खाली एक ओळ होती : ‘तुझ्या बाजूने पाठ दिसते, माझ्या बाजूने बघ.’ शुभेच्छा वगैरे काही नाही. मी तो कागद बराच वेळ उलटसुलट धरून बघितला, मग फोन लावला. भांडणाचा विषय त्या फोनवर निघाला नाही, नंतरही कधी नाही.

त्यापुढची जोडी ७४ आणि ४७. ते ७१व्या वर्षी गेले, मी तेव्हा ४४ होतो.

परवा एका फॉर्मवर वयाच्या चौकोनात मी आकडा लिहिला आणि कागद खिडकीतून आत सरकवला. पलीकडच्या मुलीने आधी कागदाकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि पेन पुढे केलं. ‘काका, उलटं लिहिलंय तुम्ही.’