एडिट श्टाइन हुसर्लची सेक्रेटरी नव्हती

फिनॉमेनॉलॉजीवर, म्हणजे एडमुंड हुसर्ल या जर्मन तत्त्वज्ञानं सुरू केलेल्या, अनुभव जसा येतो तसा तपासणाऱ्या विचारपद्धतीवर, कुठेही बोलले की कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी येऊन विचारतंच, “एडिट श्टाइन म्हणजे हुसर्लची सेक्रेटरी ना? पुढे नन झाली ती?” पुढे ती नन झाली हे खरं. सेक्रेटरी मात्र ती नव्हती. का नव्हती ते दारात उभ्याउभ्या सांगता येत नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउला मानसशास्त्र शिकत असतानाच तिनं हुसर्लचं ‘लॉजिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ वाचलं आणि 1913 मध्ये त्याच्याकडेच शिकायचं ठरवून ती गॉटिंगेनला आली. दुसरा खंड सबंध वाचलाय, असं तिनं सांगितलं तेव्हा हा तर पराक्रमच झाला, असं हुसर्ल म्हणाला. तिनं ते पुस्तक नुसतं वाचलं नव्हतं, ते तिच्यात मुरलं होतं. त्याच्या व्याख्यानांतली एक रिकामी जागा तिनं लगेच हेरली. बाहेरचं जग वस्तुनिष्ठ म्हणून कळायचं तर एकमेकांशी संवाद असलेली अनेक माणसं लागतात, असं तो सांगे. म्हणजे आधी दुसऱ्याचा अनुभव आपल्यापर्यंत पोचायला हवा. तो कसा पोचतो? त्या पोचण्याला त्यानं थिओडोर लिप्स या तत्त्वज्ञाकडून ‘आइनफ्यूलुंग’ हे नाव घेतलं होतं, पण ते नेमकं काय हे कुठे सांगितलं नव्हतं. मराठीत आपण त्याला परानुभूती म्हणू. श्टाइननं प्रबंधासाठी हाच विषय घेतला.

तिचं उत्तर मला आजही थक्क करतं. एक मित्र येऊन सांगतो, माझा भाऊ गेला. त्याचं दुःख मला कळतं, अगदी समोर दिसतं, पण ते माझं दुःख होत नाही. ते त्याच्यापाशी मूळ रूपात आहे, माझ्यापाशी तसं नाही. तरी मी त्याचा नुसता तर्कही करत नाही. लिप्सचं म्हणणं होतं, कसरतपटूकडे बघताना आपण त्याच्याशी एकरूप होतो. श्टाइन म्हणते, नाही, आपण त्याच्यासोबत असतो, पण तोच होत नाही. हे लिहीत असतानाच महायुद्ध चालू होतं, आणि 1915 मध्ये तिनं मोरावियातल्या एका लष्करी रुग्णालयात विषमज्वराच्या रुग्णांची शुश्रूषा केली होती. त्या प्रबंधाच्या थंड, काटेकोर वाक्यांमागे हे सगळं आहे, असं मला वाटत आलंय.

1916 मध्ये हुसर्ल फ्रायबुर्गला गेला. तिथेच 3 ऑगस्ट 1916 रोजी तिला सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळाली. त्याआधी प्रबंध वाचून हुसर्ल तिला म्हणाला होता, की माझ्या ‘आयडियाज’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात येणाऱ्या काही गोष्टी तुम्ही आधीच मांडल्यात असं वाटतं. हा भाग तेव्हा छापलेला नव्हता. ‘सेक्रेटरी’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. द्राइजाम नदीच्या पुलावरून जाताना तिनं आपणहून मदतीची तयारी दाखवली. त्याला विलक्षण आनंद झाला.

मग त्याच्या लघुलिपीतल्या कागदांचे ढीग तिच्यासमोर आले. ते उलगडून लिहायचे, विखुरलेले तुकडे जुळवायचे, जिथे विचार तुटलाय तिथे सांधायचा. ‘आयडियाज’चा दुसरा भाग आणि 1905 च्या काळ-जाणिवेवरच्या व्याख्यानांचा मजकूर तिनं असा उभा केला. नवशिक्यांचे वर्गही तीच घेई. पण तयार केलेली पानं हुसर्ल वाचेचना. त्याला रोज नवा विचार सुचे आणि कालचा मागे पडे. तिला हवा होता तो कागदावर वाद घालणारा सहकारी, आणि त्याला हवी होती हाताशी मदत. फेब्रुवारी 1918 मध्ये तिनं काम सोडलं. हुसर्लचाच विद्यार्थी असलेल्या रोमान इनगार्डेनला लिहिलेल्या पत्रात ती स्पष्ट सांगते, की एखाद्या कार्याच्या सेवेत मी स्वतःला झोकून देईन, पण एखाद्या माणसाच्या दिमतीला राहणं, त्याची आज्ञा पाळणं मला जमणार नाही.

1919 च्या शिफारसपत्रात हुसर्लनं लिहिलं, की विद्यापीठात शिकवण्याची दारं स्त्रियांना उघडली तर मी सर्वप्रथम हिचं नाव सुचवीन. हा ‘तर’ मला फार लागतो. दार ढकलायला त्याच्याइतकं कुणाचं वजन होतं? गॉटिंगेन विद्यापीठानं अध्यापनाच्या पात्रतेसाठीचा तिचा अर्ज नाकारला. तिनं थेट प्रशियाच्या मंत्रालयाकडे दाद मागितली आणि फेब्रुवारी 1920 मध्ये उत्तर आलं, की स्त्री असणं ही अध्यापनाच्या पात्रतेआड येणारी गोष्ट नाही. पुढच्या स्त्रियांना याचा उपयोग झाला. तिला स्वतःला विद्यापीठातली जागा मिळाली नाही.

एवढं होऊनही नातं तुटलं नाही. 1929 मध्ये त्याच्या सत्तरीच्या गौरवग्रंथात तिनं त्याच्या विचाराला थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या शेजारी ठेवून लेख लिहिला. 1938 मध्ये तो अंथरुणाला खिळला तेव्हा ती नन होऊन कलोनच्या कार्मेल या कॅथलिक मठात होती. तिथून तिनं लिहिलं, की ईश्वर म्हणजे सत्य. सत्य शोधणारा ईश्वरालाच शोधत असतो, त्याला ते ठाऊक असो वा नसो. दोघंही जन्मानं ज्यू. हुसर्ल त्याच एप्रिलमध्ये गेला. तिला 1942 च्या ऑगस्टमध्ये आउशवित्सला मारलं.

काळ-जाणिवेची व्याख्यानं 1928 मध्ये मार्टिन हायडेगर या तत्त्वज्ञाच्या नावानं संपादित होऊन आली. प्रस्तावनेत तिच्या वाट्याला लघुलिपी उतरवणं आणि प्रकरणं पाडणं एवढाच उल्लेख आला. ‘आयडियाज’चा दुसरा भाग तर 1952 मध्ये छापला गेला. मधल्या काळात हुसर्लचा नंतरचा सहायक लुडविग लांडग्रेबे याचाही हात त्यावरून फिरला होता, त्यामुळे कुठलं वाक्य कुणाचं हे सांगणं अवघड आहे. तरी तिच्या प्रबंधातलं देह आणि मन यांनी घडलेल्या व्यक्तीवरचं प्रकरण आणि त्या खंडातला जिवंत शरीरावरचा भाग शेजारी ठेवून वाचा. आधी तिचं, मग त्याचं, याच क्रमानं.