कळवा-पडघा आणि आमचा तिसरा होस्ट

सोमवारी सकाळी सर्व्हर उघडून कोण बसतं, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. एरवी कोणीच बसत नाही. पण ऑक्टोबर २०२० मध्ये वेळ ठरवणं आपल्या हातात नव्हतं. आमच्या तीन होस्टपैकी, म्हणजे मोठ्या सर्व्हरपैकी, होस्ट दोनमधली रॅमची एक पट्टी सारखी एरर देत होती. बदलीची पट्टी शनिवारी आली, पण ती बसवणारा इंजिनिअर पनवेलचा. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांना, त्यामुळे तो मिळेल त्या गाडीने येणार. त्याने सोमवार दिला, मी घेतला.

आमची कंपनी औषधांच्या घाऊक वितरणाची. ऑफिस अंधेरीला मरोळ एमआयडीसीत, गोदाम भिवंडीला. हॉस्पिटलं आणि केमिस्ट यांच्या ऑर्डरी, बॅच नंबर, बिलं हे सगळं चौथ्या मजल्यावरच्या सर्व्हर रूममधून जातं. रेमडेसिव्हिरचे दिवस होते, फोन ठेवायला उसंत नव्हती. त्यात १ ऑक्टोबरपासून पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागू झालेलं. म्हणजे बिलाचा सर्व्हर बंद, तर गाडी गोदामातून हलायची पंचाईत.

हे सगळं तीन होस्टवर चालायचं. प्रत्येकात ३८४ जीबी रॅम, खाली तिघांना सामायिक सॅन स्टोरेज (डिस्कचा साठा), वर व्हीएमवेअरचा क्लस्टर, म्हणजे तिघांना एकत्र चालवणारी व्यवस्था. तीनपैकी एक होस्ट मेला तर उरलेल्या दोघांनी सगळ्या व्हीएम (होस्टच्या पोटात चालणारे आभासी सर्व्हर) सांभाळायच्या, हा हिशेब. तो हिशेब मोडू नये म्हणून क्लस्टरमध्ये अ‍ॅडमिशन कंट्रोल नावाचा पहारेकरी असतो. एक होस्ट गेला तरी पुरेल एवढी जागा राखीव आहे का, हे तो पाहतो. नसेल तर नवी व्हीएम चालू करू देत नाही, होस्ट रिकामाही करू देत नाही. होस्ट दोन मेंटेनन्स मोडमध्ये न्यायचा, म्हणजे दुरुस्तीसाठी रिकामा करायचा, तर आमच्या आकड्यांत या पहारेकऱ्याला बाजूला करणं भागच होतं. रविवारी रात्री पहारेकरी बंद करून होस्ट दोनवरच्या व्हीएम व्हीमोशनने, म्हणजे चालू असतानाच, बाकी दोन होस्टवर हलवल्या. कोणाचं सेशनसुद्धा तुटलं नाही. दिसायला सगळं हिरवं. पण त्या क्षणापासून आमच्याकडे दोन होस्टचा भार होता आणि दोनच होस्ट.

सकाळी मी भांडुपहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने आले, तेव्हा इंजिनिअर फेसशील्ड लावून हजर होता. त्याने झाकण उघडलं, पट्टी काढली. दहाच्या सुमारास लाईट गेली.

मुंबईत लाईट जात नाही हे आम्ही इतकं गृहीत धरलेलं की पहिली काही सेकंदं कोणी काही बोललंच नाही. यूपीएस बीप करायला लागले. डीजीचा, म्हणजे जनरेटरचा, आवाज यायला हवा होता, आला नाही. इमारत मार्चपासून अर्धी बंद होती, जनरेटरच्या स्टार्टरच्या बॅटरीकडे कोणी पाहिलं नव्हतं. इमारतीचे इलेक्ट्रिशियन काका खाली धावले. जाताना म्हणाले, "ताई, दहा मिनिटं धरून ठेवा."

यूपीएस-ए ने धरलं. यूपीएस-बी च्या बॅटऱ्यांची लोड टेस्ट लॉकडाऊनमध्ये राहून गेली होती, कारण देखभालीच्या कराराचा (एएमसीचा) माणूस येऊच शकला नव्हता. चार-पाच मिनिटांत तो एकदा जोरात ओरडला आणि गप्प झाला. रॅकच्या एका बाजूचे दिवे गेले. एक नेटवर्क स्विच गेला, स्टोरेजकडे जाणारा एक फायबर चॅनल स्विच गेला. तोवर ठीक होतं, कारण प्रत्येक गोष्ट दोन बाजूंनी जोडलेली असते. पण होस्ट तीनसुद्धा गेला, आणि तो जायला नको होता.

आता त्या अर्ध्या-एक मिनिटात क्लस्टरने काय केलं ते सांगते, कारण मला अजूनही त्याचं कौतुक आहे.

होस्ट एकमेकांना दर सेकंदाला हार्टबीट पाठवतात. होस्ट तीनचा हार्टबीट थांबला. पण तेवढ्यावरून त्याला मेलेला ठरवून चालत नाही. नुसतं नेटवर्क तुटलेलं असेल आणि तो आत आपल्या व्हीएम व्यवस्थित चालवत असेल, तर त्याच व्हीएम दुसरीकडे चालू करणं भलतंच महागात पडेल. म्हणून दुसरी खूण पाहतात. प्रत्येक होस्ट सॅनवरच्या सामायिक डेटास्टोअरवरही आपली हजेरी लावत असतो. चाळीत शेजाऱ्याचं दार वाजवून ओ आली नाही, तर दुधाची पिशवी कडीला तशीच लटकते आहे का ते आपण पाहतो, तसंच हे. होस्ट तीनची तीही हजेरी थांबली होती. म्हणजे खरोखर गेला.

मग होस्ट एकला स्वतःचीही खात्री करावी लागते. कोणाचाच आवाज येत नाही, म्हणजे कदाचित मीच तर एकटा पडलो नाही ना? त्यासाठी तो गेटवेला, म्हणजे नेटवर्कच्या बाहेर जायच्या दाराला, पिंग करतो (हाक मारून पाहतो). आमचा कोअर स्विच आणि फायरवॉल यूपीएस-ए वर होते, उत्तर आलं. होस्ट एकने स्वतःला मास्टर ठरवलं आणि गेलेल्या व्हीएम चालू करायला घेतल्या.

इकडे आमचा ज्युनिअर घामाघूम. "मॅडम, व्हीसेंटर उघडत नाहीये. व्हीसेंटर तीनवरच होतं. आता रीस्टार्ट कोण करणार?" हा प्रश्न मला मुलाखतीतही नेहमी ऐकू येतो. व्हीसेंटर हे क्लस्टर सांभाळायचं साधन; ते लागतं एचए, म्हणजे मेलेल्या होस्टच्या व्हीएम दुसरीकडे उठवणारी सोय, लावायला आणि बदलायला. प्रत्यक्ष काम होस्टवरचे एजंट आपसांत करतात, व्हीसेंटर मेलं तर तेही इतर व्हीएमसारखंच उठवतात. मी त्याला म्हटलं, "डीएनएसही तीनवर होतं, तेव्हा नावाने जाऊ नकोस, आयपीने थेट होस्ट एकवर लॉगिन कर." रूट पासवर्डचा लिफाफा तिजोरीत होता. तिजोरीची किल्ली अकाउंट्सच्या सरांकडे आणि सर घरी विरारला. सुदैवाने एक प्रत माझ्याकडे होती.

आत शिरून पाहिलं, तर डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) वर आला होता, पाठोपाठ व्हीसेंटर. त्यांचा रीस्टार्ट प्रायॉरिटी हाय ठेवला होता. ऑर्डरचा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरही उठला. त्यानंतर गाडी अडली. ई-इनव्हॉइसचा सर्व्हर, गोदामाचा सर्व्हर आणि आणखी काही, सगळ्यांपुढे एकच निरोप: पुरेशी मेमरी नाही. आमच्या प्रॉडक्शनच्या व्हीएमना रॅमचं रिझर्व्हेशन दिलेलं असतं, आणि तेवढी रॅम होस्टवर मोकळी नसेल तर व्हीएम चालूच होत नाही.

मी रिझर्व्हेशनची यादी काढली. सर्वांत वर डेटाबेस, ते बरोबर. दुसऱ्या नंबरवर ६४ जीबी राखून बसलेला रिपोर्ट सर्व्हर. सोमवारच्या मीटिंगआधी विक्रीचे रंगीत तक्ते झटपट उघडावेत म्हणून वरून आलेली फर्माईश होती ती. मीटिंग अर्थातच होणार नव्हती. रिपोर्ट सर्व्हर बंद केला, हजेरीचा सर्व्हर बंद केला, आणि ई-इनव्हॉइस व गोदाम हाताने चालू केले.

एवढ्या धावपळीत डेटाबेसकडे मला पाहावंच लागलं नव्हतं. एसक्यूएल सर्व्हर आम्ही नुसता एचएच्या भरवशावर ठेवलेला नाही. त्याच्या दोन व्हीएम (नोड ए आणि नोड बी), दोन वेगळ्या होस्टवर, आणि त्यांच्यात विंडोजचा स्वतःचा फेलओव्हर क्लस्टर. हे दुहेरी कशाला, असं विचारणारे असतात. फरक इथे आहे. एचए म्हणजे मेलेली व्हीएम दुसरीकडे पुन्हा बूट करणं, म्हणजे विंडोज उठणार, सर्व्हिसेस उठणार, आणि तोवर वाट पाहायची. आतल्या क्लस्टरमध्ये दुसरा नोड आधीच जागा असतो, त्याने फक्त डिस्क आणि नाव ताब्यात घ्यायचं. शिवाय होस्ट ठणठणीत आहे पण आतली एसक्यूएलची सर्व्हिसच कोसळली, तर एचएला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या दिवशी नोड बी होस्ट तीनबरोबर गेला. नोड ए होस्ट एकवर होता. विटनेस डिस्क, म्हणजे दोन नोडमधला तिसरा मतदार, सॅनवर; तिचं मत नोड ए ला मिळालं, कोरम (बहुमत) टिकला, आणि मिनिटाच्या आत एसक्यूएल तिकडे ऑनलाइन आला. ऑर्डरचा सर्व्हर उठला तेव्हा डेटाबेस त्याची वाट पाहत उभा होता. उलटं झालं असतं तर डेटाबेस न सापडल्याने त्याची सर्व्हिस बंद पडली असती. ते सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा प्रयत्न करत नाही, हट्टी आहे.

नोड बी मात्र बंदच राहिला. ज्युनिअर म्हणाला, "मॅडम, हा उठला नाही, हाताने चालू करू?" मी हात धरायचाच बाकी ठेवला. दोन्ही नोड एका होस्टवर येऊ नयेत असा नियम आम्ही लावला होता आणि एचएलाही तो पाळायला सांगितलं होतं. एका होस्टवर दोन्ही आणून उपयोग शून्य, आणि रिझर्व्हेशन मात्र दुप्पट.

काकांचा डीजी अखेर एका टेम्पोची बॅटरी लावून सुरू झाला. मग पनवेलच्या त्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. एवढा वेळ तो बिचारा मोबाइलच्या टॉर्चवर काम करत होता. पट्टी बसली, झाकण लागलं, पण सर्व्हर रॅम तपासत उठायला आपला वेळ घेतोच. त्या काळ्या पडद्याकडे आम्ही तिघं जण मास्क लावून बघत होतो. होस्ट दोन मेंटेनन्स मोडमधून बाहेर आला, तेव्हा मी अर्धा भार व्हीमोशनने तिकडे लोटला आणि अ‍ॅडमिशन कंट्रोल परत लावायच्या आधी कॅन्टीनचा गार चहा प्यायले.

दुपारी बातम्या कळल्या. लोकल जागच्या जागी थांबलेल्या, मुंबईसह ठाणं आणि नवी मुंबईही अंधारात. ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की कळवा-पडघा या ४०० केव्ही वीजवाहिनीच्या एका सर्किटची देखभाल चालू होती, सगळा भार दुसऱ्यावर होता, आणि दुसऱ्यातच बिघाड झाला. अशा वेळी मुंबईने बाहेरच्या ग्रीडपासून तुटून स्वतःच्या विजेवर तग धरायचा, अशीही योजना असते. ती टिकली नाही. मी ते वाचून ज्युनिअरला फोन दाखवला. तो म्हणाला, "हे तर आपलंच आहे." एक मेंटेनन्सला, भार दुसऱ्यावर, राखीव काहीच नाही. फक्त त्यांच्याकडे बंद करायला रिपोर्ट सर्व्हर नव्हता.

संध्याकाळी होस्ट तीन का गेला ते शोधलं. त्याला दोन पॉवर सप्लाय आहेत, दोन्ही चांगले. एकाची वायर लाल, एकाची निळी, म्हणजे एक ए बाजूची, एक बी बाजूची. रंग बरोबर होते. वायर रॅकच्या मागे जाऊन पाहिली, तर दोन्ही बी च्याच पीडीयूत (रॅकच्या वीजपट्टीत). कधीतरी रॅक सरकवताना कोणा कंत्राटदाराने जवळचं भोक पाहून खोचली असणार. क्लस्टरला होस्ट दिसतात, डेटास्टोअर दिसतात, वायर कुठे गेली ते दिसत नाही. ते वाकून, टॉर्च मारूनच बघावं लागतं. त्या रात्री आम्ही तिन्ही होस्टची एकेक वायर उपटून पाहिली.

चौथ्या होस्टचा प्रस्ताव मी त्याच आठवड्यात टाकला. अकाउंट्समधून शेरा आला: "अशी लाईट रोज जाते का?" यूपीएसच्या बॅटऱ्या लगेच मंजूर झाल्या, चौथा होस्ट पुढच्या बजेटवर गेला. तोवर आम्ही एवढंच ठरवलं की होस्ट मेंटेनन्सला घ्यायच्या आधी रिपोर्ट, टेस्ट आणि हजेरीच्या व्हीएम बंद करायच्या आणि अ‍ॅडमिशन कंट्रोल चालू ठेवूनच होस्ट रिकामा होतो का ते बघायचं. तो नाही म्हणाला तर इंजिनिअरला पनवेललाच थांबवायचं. रिपोर्ट सर्व्हरचं रिझर्व्हेशन मी शून्य केलं. अजून कोणी तक्रार केलेली नाही.