बारीक अक्षराची पत्रिका

लग्नसराई लागली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडं डीटीपीवाल्याला, म्हणजे माझ्यासारख्या संगणकावर पत्रिका मांडणाऱ्याला, जेवायची फुरसत नसते. अशातच एक मुलगी मोबाइल पुढं करून म्हणाली, "दादा, पत्रिकेला असंच अक्षर पाहिजे." टाकानं लिहिल्यासारखं, केसाएवढं बारीक, लपेटीदार अक्षर. देखणं होतं, खोटं कशाला बोलू! पण मोबाइलमधली ती पत्रिका इंग्रजी होती. त्या फॉन्टात देवनागरी नव्हतीच, मराठी टाइप केलं की नुसते चौकोन उमटायचे.

फुकट मिळणारा 'कलम' हा देवनागरी फॉन्ट लाइटमध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्यात बारीक रूपात, लावून दाखवला. वाचायला उत्तम, पण वहीतल्या अक्षरासारखा साधा. 'अमिता'त लपेटी आहे, पण तो अंगानं भरलेला. दोन्हींवर नाक मुरडलं गेलं. शेवटी एक बारीक फॉन्ट विकत घेतला, तर त्यातले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे निघाले. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श, असं शासनानं २००९ सालीच ठरवून दिलंय. अन् या मुलीच्या नावात नेमकी ही दोनच अक्षरं! फॉन्टाच्या तक्त्यात पर्यायी अक्षरं सापडली म्हणून सुटलो.

मग मी स्वतः घोळ घातला. नाव ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं. इंग्रजीत ते खपतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि नाव बोळकं झाल्यासारखं दिसतं. अंतर मुकाट शून्यावर आणलं.

खरी फजिती छपाईत झाली. मरून कार्डावर सोनेरी शाई, स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेली छपाई. सोनेरी शाईत कण असतात, तिला मोठ्या भोकांची जाळी लागते, आणि तशा जाळीत बारीक रेघ टिकत नाही. नमुना आला तर अर्ध्या वेलांट्या आणि बरेचसे अनुस्वार गायब. मुलीच्या आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, कार्ड उन्हात धरलं. "काहून गा, नवरदेवाचं नाव खोडलं का?"

रात्री बसून सगळं बदललं. कार्ड क्रीम रंगाचं, शाई मरून. बारीक अक्षर फक्त नवरा-नवरीच्या नावापुरतं, तेही ५४ पॉइंटात आणि कडेनं त्याच रंगाची अर्ध्या पॉइंटाची रेघ देऊन. मुहूर्त, स्थळ, 'आपले नम्र', किलबिल, सगळं साध्या ठसठशीत अक्षरात. आमच्याकडं पत्रिकेत काका, मामा, जावई अशी अख्खी वंशावळ असते. एखाद्या जावयाला आपलं नाव वाचता आलं नाही तर तो रुसतो, आणि त्याची समजूत काढणं फॉन्टपेक्षा महाग पडतं.

मोबाइलवर पाठवायच्या पत्रिकेत मात्र तिनं सगळं बारीक अक्षरातच ठेवायला लावलं. तिथं बोटांनी मोठं करून वाचता येतं, म्हणे. आबाजींना मी छापील दिली.