बघू नका तिच्याकडं

मार्चचा दुसरा आठवडा. सकाळी सातला एका गोठ्यात म्हशीची अडकलेली वार काढून हात धूत होतो, तेवढ्यात वनरक्षकाचा फोन आला. "सर, पन्हाळ्याच्या पायथ्याला या. माकडिणीच्या हाताला फास बसलाय. चार दिवस झालं म्हणत्यात. आणि पोटाला पिल्लू हाय."

हे फास माकडांसाठी लावलेले नसतात. उसात, भुईमुगात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी कुणीतरी मोटारसायकलची क्लच वायर बांधाला लावून ठेवतं. त्यात कुत्री सापडतात, कोल्हे सापडतात, एकदा तर मी गाभण शेळी सोडवली आहे. लावणारा कधीच सापडत नाही.

देवळामागच्या वडावर टोळी बसली होती. टोपीवाली माकडं, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. ती मधल्या फांदीवर होती. डावं मनगट सुजून दुप्पट झालेलं, त्यातून तारेचं वीतभर टोक लोंबत होतं. पोटाला महिनाभराचं पिल्लू, अजून काळं.

झाडावर असताना डार्ट मारणं शक्य नव्हतं. भूल चढायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात ती वीस फुटांवरून पडली असती आणि पिल्लू तिच्याखाली सापडलं असतं. म्हणून पिंजरा लावला. दोरी ओढली की दार पडतं, असा. आत केळी आणि भुईमुगाच्या शेंगा. दोरीचं टोक हातात घेऊन मी तीस फुटांवर बसलो.

दोन तरणे नर आले, केळी खाऊन गेले. दुसऱ्यांदा केळी ठेवली. ती खाली उतरली, तीन पायांवर चालत दाराशी आली आणि माझ्याकडं बघितलं. मग परत फिरली. असं चार वेळा झालं. ऊन चढलं. मनगटावर माशा बसत होत्या आणि ती हात झटकून त्या उडवत होती. ते बघून जिवाची घालमेल होत होती, आणि मी अजूनच टक लावून तिच्याकडं बघत होतो.

देवळाच्या पायरीवर नारळ-उदबत्ती विकणारी एक आजी बसली होती. बराच वेळ आमचा खटाटोप बघून ती म्हणाली, "डॉक्टर, तुमी बघताय म्हणून येईना झालीया ती. बघू नका तिच्याकडं. माझ्या पाटीतलं खोबरं उचलताना बी आधी माझं डोळं बघत्यात."

डोळ्याला डोळा भिडवणं ही माकडांत धमकी असते, हे मला शिकवलेलं होतं. पण आजी सांगत होती ते त्याच्या पुढचं होतं. टोळीतली माकडं आजीला घाबरत नव्हती. तिचं लक्ष कुठं आहे, एवढंच ती तपासत होती.

मी वनरक्षकाची मोटारसायकल मागवली, आरसा वळवून पिंजऱ्यावर धरला आणि पाठ करून बसलो. दोघा वनरक्षकांनाही तोंड फिरवायला सांगितलं. एकानं मध्येच मान वळवली, तशी ती दारात थबकली. त्यानं पुन्हा तोंड फिरवल्यावर तिनं एकेक करून आम्हा तिघांच्या पाठी बघून घेतल्या. मग आत गेली. आरशात तिची शेपटी दाराच्या आत आलेली दिसली आणि मी दोरी ओढली.

केटामाइन या भुलेच्या औषधाचा छोटा डोस पुरला. वजन सव्वातीन किलो. भुलेतही पिल्लू तिच्या छातीला चिकटलेलंच होतं, म्हणून दोघांना एकाच टॉवेलात घेतलं. तिची बोटं हातात घेतली तर गरम लागली. एका बोटाच्या टोकाला सुई टोचली, लाल रक्ताचा थेंब आला. हात वाचणार होता. पंजा उताणा केला. तळव्यावर आडव्या रेषा, बोटांच्या पेरांवर आपल्यासारखेच ठसे, चपटी नखं, एका नखाखाली शेंगेची लाल साल.

कटरनं तार तोडली. जखमेत अळ्या पडायला लागल्या होत्या. त्या काढून, धुऊन, मलम भरून वर सुटेल अशी सैल पट्टी बांधली. अँटिबायोटिक आणि वेदनाशामक दिलं. हे सगळं वीस मिनिटांत उरकलं. मी अडकलो तो तारेपाशी.

तारेचं सुटं टोक चावून चावून पिंजलं होतं. चार दिवस ती ते दातांनी ओढत होती, हे स्पष्ट दिसत होतं. आणि हा फास ओढला की आवळतो. तार उलटी आत सरकवली की सैल होतो. मी तसाच फास स्वतःच्या मनगटावर करून बघितला. सूज यायच्या आधी, पहिल्या दिवशी, तो एका हातानं सुटला असता. तिन्ही माणसांचं लक्ष कुठं आहे याचा बरोबर अंदाज घेणाऱ्या त्या जिवाला हातातली तार कळली नव्हती.

ही विसंगती मला घरी आल्यावरही सोडेना. पुस्तकं काढून बसलो. पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावरच्या लाल तोंडाच्या माकडांवर केलेला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. दोन माणसं द्राक्ष घेऊन उभी राहतात, एकाची नजर समोर, दुसऱ्याची दुसरीकडं. माकडं ज्याची नजर नाही त्याचंच द्राक्ष पळवतात. म्हणजे आजी पायरीवर बसून सांगत होती तेच.

आणि दुसरी बाजू केनियातल्या अंबोसेलीत. तिथं डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ या संशोधकांनी व्हर्व्हेट माकडांना एका पिल्लाचं किंचाळणं लाउडस्पीकरवरून ऐकवलं. तेव्हा बाकीच्या माद्यांनी पिल्लाच्या आईकडं वळून बघितलं. कोण कुणाचं, हे त्यांना पाठ होतं. पण झाडावर टांगलेली ताजी शिकार बघून जवळ बिबट्या असेल, हे त्याच माकडांना सुचत नव्हतं. वाळूत अजगर सरपटल्याची खूण दिसली तरी ती सावध होत नव्हती. नात्यांत तल्लख आणि वस्तूंच्या बाबतीत कोरी. माझ्या माकडिणीसारखीच.

मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्री यांनी १९७६ मध्ये मांडलं होतं की माकडं आणि माणूस यांच्या कुळाची बुद्धी मुळात वाढली ती एकमेकांत राहण्यासाठी. रुसवे, युत्या, चोऱ्या, समेट सांभाळण्यासाठी. पूर्वी वाचलं तेव्हा ते मला पुस्तकी वाटलं होतं. आता पटतं. माणूस आणि माकड यांच्या वाटा २.५ ते ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. सापडलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारं, केनियातल्या लोमेक्वीची, ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. दुसऱ्याची नजर ओळखणं दोघांकडं आहे, म्हणजे बहुधा ते वाटा फुटण्याआधीचं आहे. आपण हत्यारांवरून स्वतःला माणूस म्हणवतो, पण डोकं त्याच्या कितीतरी आधीपासून चेहऱ्यांवर तासलं जात होतं.

तारेची गोष्टही तिथंच संपत नाही. आपल्यापासून ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळे झालेले चिंपांझी पश्चिम आफ्रिकेत गिनीमधल्या बोसूला शिकाऱ्यांचे फास ओळखतात. तारेला हात न लावता ज्या फांदीला फास ताणून बांधलेला असतो ती हलवून, मोडून तो निकामी करताना तिथल्या नरांना संशोधकांनी पाहिलंय. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माकडाला फास कळत नाही, चिंपांझी तो मोडतो, माणूस तो लावतो. आणि दुसऱ्याच्या हातातला सोडवतोही. हे शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण त्या दिवशी आम्ही चौघं, आजी धरून, उन्हात दुसऱ्या कशासाठी बसलो नव्हतो.

संध्याकाळी पाचला ती पूर्ण शुद्धीवर आली. दार उघडलं. पिल्लाला पोटाशी धरून ती वडावर गेली. एक म्हातारी मादी लगेच शेजारी येऊन बसली आणि तिच्या पाठीचे केस विंचरायला लागली. पट्टी तिनं तासाभरात फेडून टाकली, ते अपेक्षितच होतं.

चैत्र यात्रेची गर्दी ओसरल्यावर जोतिबाहून येताना मी पुन्हा त्या देवळाशी थांबलो. मनगटाभोवती केस नसलेलं गुलाबी कडं राहिलं होतं. बोटं पाचही हलत होती, त्याच हातानं ती चिंच सोलत होती. ती बुजू नये म्हणून मी सवयीनं पाठ केली आणि पायरीवर बसलो.

ती भिंतीवरून उतरली, लांबून वळसा घातला आणि माझ्या समोर, चेहरा दिसेल अशा जागी येऊन बसली. मी पुन्हा वळलो. ती पुन्हा फिरून समोर आली.

"आता तुमची पाठ बघून फसायची न्हाई ती," आजी म्हणाली.